पायाखालच्या फरशीचा हिशेब

दिवाळी आटोपून थंडी स्थिरावली की नागपूरच्या जुन्या वस्त्यांमधून एक ओळखीचा आवाज ऐकू येऊ लागतो. कुठे घणाचे ठोके पडत असतात, तर कुठे कटरचा कर्कश आवाज गल्लीभर घुमत असतो. फाटकाबाहेर फुटक्या फरशांचा मलबा, त्याला लागून कन्हानची रेती, भिंतीला टेकवून ठेवलेली टाइल्सची खोकी आणि सारे सामान अंगणात मांडून बसलेले कुटुंब, हे दृश्य महाल-इतवारीपासून मानेवाड्यापर्यंत कोठेही दिसते. होळीपर्यंत हे काम चालते. पुढे उन्हाचा कडाका सुरू होतो आणि मृगाच्या आत घर पुन्हा लावून व्हायला हवे असते.

फरशी बदलणे हा तसा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. कोणाकडे मुलाचे लग्न ठरलेले असते, कोणाच्या हाती निवृत्तीचे पैसे आलेले असतात, तर कोणाची जुनी फरशी खचून पलंगाचा एक पाय अधांतरी झालेला असतो. शेजाऱ्याने रंग पाहावा, भाव विचारावा आणि पुढे जावे, यापलीकडे त्यात सार्वजनिक असे काय आहे, असे कोणालाही वाटेल. परंतु एका साध्या खोलीच्या फरशीत काय काय येऊन मिळते याची यादी केली, तर चित्र बदलते. टाइल गुजरातेतील मोरबीची, सिमेंट चंद्रपूर जिल्ह्यातल्या आवारपूर-गडचांदूरकडचे, रेती नदीची, बसवणारा हात बालाघाटचा, छत्तीसगडचा किंवा राजस्थानचा. आणि फरशी बदलण्याचे कारण अनेकदा फाटकासमोरून जाणारा महापालिकेचा रस्ता. शहराचे नियोजन, राज्याचे रेतीधोरण, केंद्राची कररचना आणि कामगार कायदा ही चारही मंडळी त्या खोलीच्या चार कोपऱ्यांत येऊन बसलेली असतात. त्यांचा खर्च अखेर कोणाच्या नावे पडतो, हे पाहण्यासारखे आहे.

सारवणापासून व्हिट्रिफाइडपर्यंत

ज्यांचे बालपण विदर्भातल्या खेड्यात गेले, त्यांच्या पायांना शेणाने सारवलेल्या जमिनीचा स्पर्श अजून आठवत असेल. त्या जमिनीबद्दल हळवे होऊन बोलण्याची आपल्याकडे रीत आहे. मात्र दर आठ दिवसांनी गुडघ्यांवर बसून ती सारवणाऱ्या बाईला तिचे मत कोणी विचारले नव्हते. पक्की फरशी आली तेव्हा घरातल्या बाईचे कंबर-गुडघे मोकळे झाले, ही या बदलाची पहिली आणि मोठी जमेची बाजू होय.

ही पक्की फरशी आपल्याकडे आली ती प्रामुख्याने रेल्वेच्या वाघिणींतून. शहाबाद हे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले, लोहमार्गावरचे गाव. तिथल्या चुनखडकाच्या लाद्यांनी महाराष्ट्रातील हजारो घरांचे, शाळांचे आणि कचेऱ्यांचे तळ झाकले. पुढे राजस्थानातील रामगंजमंडी परिसरातून हिरवट-निळसर कोटा आला. मोझेकची कहाणी निराळी आहे. विलायती टाइल्सना देशी पर्याय हवा, या स्वदेशीच्या प्रेरणेने १९२२ मध्ये मुंबईजवळ उरण येथे सिमेंटच्या टाइल्सचा कारखाना निघाला, आणि स्वातंत्र्यानंतरच्या काळात संगमरवराचे तुकडे घातलेल्या अशा टाइल्स मध्यमवर्गीय घराची ओळख बनल्या. नागपूर सुधार प्रन्यासच्या ले-आउटमध्ये १९६० ते १९८० च्या दरम्यान उभी राहिलेली घरे आठवा. पुढची खोली मोझेकची, स्वयंपाकघर कोट्याचे आणि मागचे अंगण शहाबादीचे, अशी प्रतिष्ठेची उतरंडच पायाखाली मांडलेली असे.

उदारीकरणानंतर हे चित्र पालटले. आधी सिरॅमिकच्या एक फुटी टाइल्स आल्या, मग दोन बाय दोनच्या चकचकीत व्हिट्रिफाइड आणि आता दोन बाय चार फुटांच्या लांबलचक लाद्या. यातील बहुतेक माल मोरबीहून येतो. एकेकाळी कौले आणि भिंतीवरची घड्याळे यांसाठी ओळखले जाणारे हे गाव. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू धरण फुटले तेव्हा ते वाहून गेल्यातच जमा होते. त्याच मोरबी-वांकानेर पट्ट्यात आज शेकडो भट्ट्या आहेत आणि देशातील टाइल्सचा फार मोठा हिस्सा तेथे तयार होतो. टाइल्सच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचे नाव घेतले जाते ते मुख्यतः या पट्ट्याच्या बळावर.

तेथे काही घडले की त्याचे पडसाद हजार किलोमीटरहून दूर असलेल्या नागपूरच्या दुकानात उमटतात. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मोरबीतील कोळशावर गॅस करणारी यंत्रणा बंद करण्याचा आदेश दिला. तेथील हवापाण्याच्या दृष्टीने तो आवश्यकच होता. त्यानंतर भट्ट्या नैसर्गिक वायूवर आल्या आणि टाइलचा भाव जगाच्या वायूबाजाराशी बांधला गेला. २०२२ मध्ये वायूचे दर भडकले तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरात अनेक कारखान्यांनी महिनाभर भट्ट्या विझवून ठेवल्या. कराचेही तसेच. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा टाइल्स २८ टक्क्यांच्या गटात होत्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या १८ टक्क्यांवर आल्या. सिमेंटला मात्र २८ टक्क्यांतून सुटायला २२ सप्टेंबर २०२५ उजाडावे लागले. पायाखालची वस्तू चैनीची की गरजेची, याचा निर्णय व्हायला आठ वर्षे लागली.

रेतीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने ६०० रुपये ब्रासने रेती देण्याचे धोरण जाहीर केले. २०२५ मध्ये ते गुंडाळून पुन्हा लिलावाकडे वळावे लागले आणि कृत्रिम रेतीला उत्तेजन देण्याचे ठरले. मधल्या काळात घरदुरुस्ती काढणाऱ्या सामान्य माणसाने रेती घेतली ती बाजारात मिळेल त्या भावाने, रात्री येणाऱ्या टिप्परमधून आणि बहुधा पावतीविना.

रस्ता वर, घर खाली

इतके होऊनही फरशी बदलण्याची हौस हा आनंदाचाच भाग मानता आला असता. पण अलीकडे नागपुरात हौस नसताना फरशी बदलणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यांचे घर खचलेले नसते. त्यांच्या समोरचा रस्ता चढलेला असतो.

गेल्या दीड-दोन दशकांत या शहराने सिमेंटच्या रस्त्यांचा ध्यास घेतला. खड्ड्यांना कंटाळलेल्या नागरिकांनी त्याचे स्वागतच केले. काँक्रीटच्या रस्त्याची जाडी साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटर, आणि खालचा थर वेगळा. जुना डांबरी रस्ता खरवडून व खोदून मग हे थर घातले, तर रस्ता पूर्वीच्याच पातळीवर राहतो. खोदण्याचा खर्च आणि वेळ वाचवून जुन्या रस्त्यावरच नवा चढवला, तर तो फूटभर वर जातो. अनेक वस्त्यांमध्ये नेमके हेच घडले. कडेला गट्टू बसवून उरलीसुरली मातीही झाकली गेली. ज्या घराचे जोते बांधताना रस्त्याहून दीड-दोन फूट उंच होते, त्याच्या फाटकातून आता अंगणात उतरावे लागते. पावसाचे पाणी माणसापेक्षा अधिक शहाणे असल्याने ते उताराचा रस्ता बरोबर शोधते. ही तक्रार वर्तमानपत्रांतून वारंवार आली आणि सिमेंट रस्त्यांचा विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंतही गेला.

घराच्या जोत्याला नियमाने किमान उंची ठरवून दिलेली असते आणि नकाशा मंजूर करताना ती तपासली जाते. नकाशा मंजूर झाल्यानंतर समोरचा रस्ता किती चढणार आहे, याचा हिशेब मात्र घरमालकाला कोणी दाखवत नाही. काम सुरू झाल्यावर ठेकेदाराच्या माणसाला विचारावे, तर तो ‘साहेबांना विचारा’ म्हणतो. साहेब निविदेकडे बोट दाखवतात. नगरसेवकाकडे जावे, तर मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेत लोकांनी निवडून दिलेला माणूसच नव्हता. निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. एवढ्या काळात किती गल्ल्या चढल्या आणि किती ओसऱ्या बुडाल्या, हे ज्याचे त्याला माहीत.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांमध्ये शिरले. माणसे दगावली. हजारो घरांचे नुकसान झाले. तलावाच्या सांडव्यापुढील बांधकामांचा आणि नदीच्या आक्रसलेल्या पात्राचा प्रश्न त्यानंतर न्यायालयात गाजला. त्या घटनेने पश्चिम नागपूरच्या सुखवस्तू घरांना जे दाखवले, ते पूर्व आणि दक्षिण नागपुरातील सखल वस्त्या त्यापूर्वीही अनेक पावसाळ्यांत अनुभवत होत्या. फरक इतकाच की, तिथल्या गुडघाभर पाण्याची बातमी आतल्या पानावर येत असे.

पूरग्रस्त कुटुंबांना शासनाने दहा हजार रुपयांची तातडीची मदत जाहीर केली. मदत वेळेवर मिळणे महत्त्वाचे, यात वाद नाही. पण साधा गुणाकार करून पाहावा. सहाशे चौरस फुटांच्या घराची फरशी फूटभर उचलायची आहे, असे समजू. मुरूम, त्यावर काँक्रीट, टाइल, मजुरी आणि मलबा उचलणे हे सारे धरून फुटाला दोनशे रुपये लागतात, असे मानले तरी आकडा १ लाख २० हजारांवर जातो. दहा हजारांत त्या घराची जेमतेम पन्नास फूट जागा होते, म्हणजे एक लहानसे स्वयंपाकघर.

आणि खर्च फरशीवर थांबत नाही. तळ फूटभर वर आला की दारे कापावी लागतात, स्वयंपाकाचा ओटा गुडघ्याशी येतो, विजेचे बोर्ड खाली जातात, खिडकीची उंची लहान मुलाच्या हाताशी येते. संडास-न्हाणीघराचा ढाळ नव्याने काढावा लागतो. नाही तर पाणी घरातच फिरत राहते. रस्त्याच्या निविदेत वाचवलेले खोदकाम शेवटी प्रत्येक घराच्या आत, सुटे सुटे, महागड्या दराने करावे लागते. सार्वजनिक बचतीचा हा खासगी खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

पैसा कोठून येतो?

बँकेच्या नोकरीत असताना कर्जाच्या अर्जांवरून घरांची स्थिती वाचण्याची सवय लागते. नवे घर घेणाऱ्यासाठी गृहकर्जाची दारे सताड उघडी असतात. जुन्या घराची दुरुस्ती करू पाहणाऱ्याला मात्र मालकीचे कागद, मंजूर नकाशा आणि अभियंत्याचे अंदाजपत्रक जमवता जमवता नाकी नऊ येतात. नागपुरात तर नझूलचे भाडेपट्टे, गुंठेवारीत नियमित झालेले वा अजून न झालेले भूखंड आणि आजोबांच्या नावावर राहिलेली घरे यांची संख्या मोठी. घर आपले असते, कागद आपला नसतो. मग माणूस दुरुस्तीसाठी वैयक्तिक कर्ज काढतो, सोने गहाण टाकतो किंवा भविष्यनिर्वाह निधीला हात लावतो, आणि घरासाठीच्या पैशावर घरकर्जापेक्षा चढे व्याज भरतो.

प्राप्तिकराचाही दुजाभाव आहे. स्वतः राहत असलेल्या घराच्या खरेदीसाठी वा बांधकामासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या कररचनेत दोन लाखांपर्यंत वजावट मिळते; दुरुस्तीच्या कर्जासाठी ती मर्यादा तीस हजारांची आहे. नव्या कररचनेत या दोन्ही वजावटी नाहीत. नवे बांधा, जुने सांभाळू नका, असाच संदेश यातून जातो. ज्या शहरात तीस-चाळीस वर्षांची हजारो घरे उभी आहेत, तेथे हे धोरण शहाणपणाचे म्हणता येणार नाही.

फरशी का उठते?

एवढा पैसा घालूनही दोन-तीन वर्षांत एखाद्या रात्री मोठा आवाज होतो आणि खोलीच्या मधोमध दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहतात. घरातली मंडळी घाबरतात. कोणी भूकंप म्हणतो, तर कोणी वास्तुदोष. कारण बहुधा साधे असते.

जुनी शहाबादी किंवा मोझेक फरशी पाणी पिणारी होती. सिमेंटचे पाणी ती शोषून घेई आणि सिमेंट तिला धरून ठेवी. व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ काचेसारखी असते. तिच्यात अर्धा टक्काही पाणी मुरत नाही. तिच्या पाठीला सिमेंटची स्लरी लावून ठोकली, तर ती बसल्यासारखी दिसते, पण धरलेली नसते. म्हणून तिच्यासाठी वेगळा चिकटा वापरायचा असतो. त्यासाठी भारतीय मानक आहे, आयएस १५४७७. पोत्यावर तो क्रमांक आहे का, हे पाहण्याचे काम घरमालक सहज करू शकतो.

दुसरे कारण सांध्यांचे. टाइल्स एकमेकींना अगदी चिकटवून बसवल्या की काम सुबक दिसते, आणि अनेक गिऱ्हाइकांचा तसा आग्रहच असतो. पण नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली येतो. टाइल थोडी फुगते, खालचा सिमेंटचा थर थोडा आकसतो, आणि सरकायला जागा नसली की ताण वरच्या दिशेने मोकळा होतो. दोन टाइल्समध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट आणि भिंतीलगत पट्टीखाली झाकली जाणारी थोडी मोकळी जागा एवढा त्यावरचा उपाय आहे. तिसरे कारण आपल्या काळ्या मातीचे. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर मुरूम थर देऊन, पाणी मारून, धुमसाने बसवला नाही, तर वर इटलीचा संगमरवर घातला तरी तो खचणारच.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक गणित करावे. जुनी फरशी न काढता तिच्यावर दोन इंच सिमेंटचा थर आणि नवी टाइल घातली, तर चौरस मीटरला सुमारे सव्वाशे किलो वजन वाढते. दहा बाय अकराच्या खोलीत ते सव्वा टनाच्या आसपास जाते, म्हणजे छतावर एक मोटार उभी केल्यासारखेच. चाळीस वर्षांपूर्वीच्या स्लॅबला हे विचारून केलेले बरे. जुनी फरशी घट्ट असेल, तर पातळ चिकट्यावर नवी बसवणे हा हलका मार्ग आहे. पोकळ वाजत असेल, तर ती काढणेच योग्य.

आणि चकाकीचा मोह. ओल्या, गुळगुळीत टाइलवरून घसरून खुब्याचे हाड मोडलेले एक तरी वडीलधारे माणूस आज प्रत्येकाच्या नात्यात आहे. न्हाणीघरात, ओट्यापुढे आणि पोर्चमध्ये खरबरीत टाइलच हवी. दुकानदार खोलीच्या प्रकाशात कशी दिसेल ते दाखवतो. आपण ती ओली करून वरून हात फिरवून पाहावी.

मिस्त्रीच्या छातीचा प्रश्न

आता शेवटच्या आणि सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. हा सारा डोलारा ज्याच्या गुडघ्यांवर उभा आहे, त्या मिस्त्रीकडे.

तो सकाळी ठिय्यावरून येतो किंवा ठेकेदार त्याला पाठवतो. सोबत एक-दोन गडी, एखादी रेजा. पाण्याच्या नळीने तो लेव्हल काढतो, गुण्याने काटकोन पाहतो, सूत बांधतो आणि रबरी हातोड्याने एकेक टाइल बसवत मागे मागे सरकतो. त्याची मजुरी फुटावर ठरते. दार आले, कोपरा आला, पाइप आला की टाइल कापावी लागते. तेव्हा तो कटर घेऊन अंगणात किंवा शेजारच्या खोलीत बसतो आणि पांढऱ्या धुळीचा लोट उठतो. आपण तोंडाला पदर किंवा रुमाल लावून आत जातो. तो तिथेच बसतो.

ती धूळ म्हणजे बऱ्याच अंशी सिलिका. तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि तेथे कायमचे व्रण करतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात आणि तो बरा करणारे औषध नाही. आपल्या पिढीने शाळेत पाटीवर ज्या पेन्सिलीने मुळाक्षरे गिरवली, ती पेन्सिल मोठ्या प्रमाणावर मध्य प्रदेशातील मंदसौरला तयार होत असे, आणि ती कापणारे कामगार याच रोगाने तरुणपणी मरत होते. आपल्याला ते कितीतरी उशिरा कळले. ऑस्ट्रेलियात ओट्यांसाठी वापरला जाणारा कृत्रिम दगड कापणाऱ्या तरुण कारागिरांमध्ये हा रोग आढळला, तेव्हा त्या देशाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावरच बंदी घातली. आपल्या टाइलमध्ये सिलिका त्या दगडाइतकी नसते, हे खरे. पण वर्षानुवर्षे, रोज, कोरड्या कटरने कापणाऱ्याच्या छातीला हा फरक किती दिलासा देणार?

उपाय मात्र फार स्वस्त आहे. कापताना पात्यावर पाण्याची धार धरली की धूळ उडत नाही, चिखल होऊन खाली बसते. पाणी सोडणारे कटर बाजारात मिळते. तेही नसेल तर एक बादली, एक मग आणि एक गडी पुरतो, फक्त विजेची वायर कोरडी व सुरक्षित राहील एवढे पाहावे. टाइल सरळ रेषेत तोडणारे हाताचे यंत्र तर धूळच करत नाही. नाकावर साधा रुमाल बांधून बारीक कण अडत नाहीत. त्याला एन-९५ मास्क लागतो, जो करोनाच्या काळापासून घरोघरी ओळखीचा आहे. मग हे होत का नाही? मजुरी फुटावर आहे, पाण्याने कापायला वेळ लागतो, अंगण चिखलाने भरते आणि मालकीणबाई ओरडतात. चिखल दिसतो, रोग दिसत नाही.

कायद्याने यात लक्ष घालायला हवे होते. १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी केंद्रीय कायदा झाला आणि बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेऊन त्यांच्यासाठी कल्याण मंडळे निघाली. परंतु स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम त्यातून वगळले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, जुना कायदा त्यांत मिसळला आणि राहत्या घरासाठी ही मर्यादा पन्नास लाखांची झाली. घरमालकाला कागदपत्रांचा जाच नको, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण फरशीचे काम बहुतेक अशाच घरांतून होते. म्हणजे टाइल बसवणारा माणूस आयुष्यभर कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच्या घरांत काम करतो. कल्याण मंडळात नाव नोंदवायचे, तर वर्षात ९० दिवस बांधकामावर असल्याचा दाखला लागतो. आठ दिवस या घरी, पाच दिवस त्या घरी बसून काम करणाऱ्याला हा दाखला देणार कोण? मंडळाकडे उपकराचे पैसे जमा होतात आणि ज्याच्यासाठी ते जमवले तो मिस्त्री तळहातावर सिमेंटच्या भेगा घेऊन एजंटाच्या दारात उभा राहतो.

एकंदर हिशेब असा आहे. महापालिकेने खोदकामाचा खर्च वाचवला आणि तो आपल्या जोत्यावर ढकलला. आपण फुटाला पाच-दहा रुपये वाचवले आणि तो खर्च मिस्त्रीच्या छातीवर ढकलला. सर्वांत खाली जो बसला आहे, त्याला पुढे ढकलायला कोणी उरलेले नाही. तो ते घेऊन गावी जातो आणि तेथे खोकत राहतो. ही नोंद कोणत्याच खात्यात होत नाही.

यावर मोठ्या क्रांतीची गरज नाही. महापालिकेत आता लोकांनी निवडलेली माणसे आहेत. आपल्या प्रभागातील प्रत्येक नव्या रस्त्याच्या कामाआधी त्याची अंतिम पातळी आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या जोत्यांची पातळी एका फलकावर लिहून लावावी, आणि जुना थर खरवडल्याशिवाय नवा घालू नये, एवढी मागणी नागरिकांनी लावून धरावी. मिस्त्रीने किती दिवस काम केले याचा साधा सही केलेला कागद घरमालकाने त्याला द्यावा आणि असे कागद जोडून ९० दिवस भरले, तर ते ग्राह्य धरण्याची सोय शासनाने करावी. दुरुस्तीच्या कर्जासाठी बँकांनी कागदांची अट सैल करता येईल तेथे करावी.

आणि घरात काम काढणाऱ्याने, टाइलचा रंग ठरवण्याआधी, मिस्त्रीशी दोन गोष्टी बोलून घ्याव्यात. ‘भाऊ, कापशील ते पाण्याने काप, अंगण आम्ही धुऊ. वेळ जास्त लागेल त्याचे पैसे वेगळे देऊ.’ सहाशे फुटांच्या कामात हा जादा खर्च फार तर एक-दोन दिवसांच्या मजुरीचा आहे. नव्या फरशीवर सत्यनारायण घालताना आपण त्याहून अधिक खर्च करतो.